रेडिएटरचा फॅन स्वतःच्या हातात कसा घ्यावा, आणि ‘डायरेक्ट’ का करू नये

गेल्या मे महिन्यात बीडहून लातूरला परतताना मांजरसुंब्याच्या घाटात आमची गाडी तापली. पुढे दोन लोडेड ट्रक, आम्ही दुसऱ्या-पहिल्या गिअरमध्ये, आणि काटा लाल रेघेला टेकलेला. कान देऊन ऐकलं तर फॅनचा आवाजच नाही. मग जुने ड्रायव्हर करतात तेच केलं: काचा खाली आणि हीटर फुल्ल. हीटर इंजिनचीच उष्णता आत फेकतो, म्हणजे तेवढाच एक छोटा रेडिएटर जास्तीचा मिळतो. मागे बसलेल्या आत्याबाईंनी लग्नातलं उपरणं ओलं करून डोक्यावर घेतलं आणि माझा जो उद्धार केला तो इथे लिहिण्याजोगा नाही. पण हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग, गाडी तापली की तेच आधी जातं) वाचलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, “फॅन डायरेक्ट करून टाकू की, कटकटच नको.” डायरेक्ट म्हणजे गाडीची आपोआप चालू-बंद करायची सोय बाजूला ठेवून मोटर सरळ बटणाला किंवा चावीला जोडणं. आपल्याकडे उन्हाळ्यात निम्म्या जुन्या गाड्यांवर हाच इलाज होतो. मी आधीच्या गाडीत तो करून बसलो होतो. फॅनची मोटर साधारण १० अँपिअर ओढते, सुरू होताना त्याहून बरंच जास्त. हा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या बारक्या बटणातून आणि घरगुती वायरीतून नेला, तर एके दिवशी बटण वितळतं, माझं वितळलं. बटण न लावता चावीवरच डायरेक्ट केला तर फॅन अखंड फिरत राहतो. मग जानेवारीत, परभणीकडच्या थंडीत, इंजिन लवकर तापत नाही आणि गाडी पेट्रोल पीत राहते.

यापेक्षा साधी वाट गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टमध्ये, म्हणजे मेकॅनिकने बिघाड शोधायच्या सॉकेटमध्ये असते. निदान काही गाड्यांत असते, आणि जिथे नसते तिथेही तिचं तत्त्व वापरता येतं.

आधी फॅन सुरू कसा होतो ते बघा. रिले म्हणजे बारीक करंटने जाड करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या आत एक कॉइल असते. तिच्या एका टोकाला १२ व्होल्ट आलेले असतात. दुसरं टोक ईसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जातं. पाणी तापलं की ईसीयू ते टोक आतून अर्थ करतो (बॅटरीच्या मायनसला, म्हणजे बॉडीला जोडतो), रिले ‘टक्’ करून बसतो आणि जाड वायरीतून मोटरला करंट मिळतो. म्हणजे ईसीयू फॅन चालवत नाही, फक्त एक बारीक वायर बॉडीला टेकवतो. कॉइलचा रेझिस्टन्स बहुधा ६० ते १०० ओहमच्या घरात असतो, तेव्हा या वायरीतून जातात जेमतेम ०.१२-०.२ अँपिअर. ते काम आपल्या हातातलं साधं बटणही आयुष्यभर करेल.

जपानी कंपन्यांनी १९९० च्या आसपासच्या गाड्यांत हीच वायर मेकॅनिकच्या सोयीसाठी बाहेर काढून ठेवली होती. माझदाच्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये (१९८९ ते १९९७) बॉनेटखाली झाकणाचा एक छोटा डबा आहे. झाकणाच्या आत कुठल्या खाचेत काय, त्याचा नकाशा छापलेला असतो. त्यात ‘टीएफए’ (फॅनची) आणि ‘जीएनडी’ (अर्थची) या दोन खाचा वायरीच्या तुकड्याने जोडल्या आणि चावी ऑन केली की फॅन फिरतो. त्याच डब्यात फ्युएल पंपाचीही खाच आहे आणि तीही अर्थ करायची असते. टोयोटाच्या त्या काळातल्या डब्यात मात्र पंप चालवायचा तर त्याची खाच बॅटरीच्या प्लसला जोडावी लागते. एका गाडीची रीत दुसऱ्या गाडीवर चालवली की धूर निघालाच म्हणून समजा. तेव्हा गाडीचं वायरिंग डायग्राम मिळवल्याशिवाय पोर्टमध्ये काहीही खुपसू नका.

आता तुमची गाडी. स्टीअरिंगखाली १६ पिनांचं, समलंब आकाराचं सॉकेट दिसलं तर ते ओबीडी-२ च्या, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या सामाईक डायग्नोस्टिक पोर्टच्या ठेवणीचं. आपल्याकडे हे २०१३ पासून सक्तीचं झालं, पण त्याआधीच्या कित्येक गाड्यांतही सॉकेट हेच, फक्त आतली भाषा कंपनीची स्वतःची. या सॉकेटात फॅनची वायर नसते. ४ आणि ५ नंबरला अर्थ असतो, १६ नंबरला बॅटरीचा प्लस, तोही चावी काढली तरी जिवंत. ६, १४ आणि ७ या माहितीच्या वायरी. त्यांना अर्थ किंवा प्लस दाखवणं म्हणजे ईसीयूशी जुगार. अशा पोर्टमधून फॅन चालवायचा तर स्कॅनरवरून (पोर्टला लावून ईसीयूशी बोलणाऱ्या यंत्रावरून) हुकूम द्यावा लागतो. मेनूत त्याला ‘अ‍ॅक्ट्युएटर टेस्ट’ म्हणतात. ती चांगल्या स्कॅनरमध्ये असते, चारशे-पाचशेच्या ब्लूटूथ डोंगलमध्ये सहसा नसते. ही टेस्ट जरूर करून घ्या, कारण स्कॅनरवरून फॅन फिरला याचा अर्थ मोटर, रिले, फ्यूज आणि ईसीयू सगळं ठणठणीत आहे. मग चोर बहुधा तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर. आमच्या गाडीत तोच निघाला. त्याच्या प्लगमध्ये हिरवा गंज चढला होता.

स्कॅनर नसेल तर गाव-खेड्यातली एक चाचणी: एसी लावा. एकच फॅन असलेल्या बऱ्याच गाड्यांत एसी लावताच तो फिरतो. फिरला तर मोटर आणि तिची वायरिंग ठीक.

आता कायमचं बटण. डबेवाला पोर्ट असेल तर त्यातली फॅनची खाच, नसेल तर फॅन रिलेच्या पायथ्यातली कॉइलची वायर. काम तेच. चार पायांच्या रिलेवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात. ३० आणि ८७ जाड करंटचे, त्यांच्या वाटेला जायचं नाही. ८५ आणि ८६ कॉइलचे. यातला कोणता ईसीयूकडे जातो हे रंगावरून ठरवू नका, कारण जुन्या गाडीत आधी कोणी काय जोडलंय ते देवालाच ठाऊक.

मल्टिमीटर घ्या, व्होल्ट मोजायला लावा. बल्बचा टेस्टर नको, तो ईसीयूच्या वायरीतून नको तेवढा करंट ओढतो. इंजिन थंड, चावी ऑन, फॅन बंद. मीटरची काळी पिन बॉडीला, लाल पिन संशयित वायरीला. साधारण १२ व्होल्ट दिसतील. इथेच लोक फसतात, कारण सरळ बॅटरीहून आलेल्या वायरीवरही १२ च दिसतात आणि ती अर्थ केली की ठिणगी. म्हणून पुढची पायरी टाळू नका: रिले उपटून काढा आणि त्याच वायरीवर पुन्हा मोजा. व्होल्ट जवळपास गायब झाले तर ते कॉइलमधून येत होते, हीच आपली वायर. १२ तसेच राहिले तर ती सप्लाय आहे, हात काढा.

रिले परत बसवा. वायरीचा तुकडा घ्या, मध्ये लहान फ्यूज टाका (५ अँपिअरच्या वर नको), एक टोक बॉडीला घट्ट, दुसरं त्या वायरीला क्षणभर टेकवा. ‘टक्’ आणि फॅन. हे करताना हात, ओढणी, मफलर फॅनपासून लांब. गरम इंजिनचा फॅन चावी काढल्यावरही फिरू शकतो. रेडिएटरचं झाकण तर गरम असताना उघडायचंच नाही.

मग तीच वायर, अर्धा चौरस मिलिमीटरची चालते, रबरी ग्रोमेटमधून (पत्र्याच्या भोकात बसवायच्या कडीतून) केबिनमध्ये आणा. पत्र्याच्या कडेवरून तशीच आणली तर सहा महिन्यांत सोलून निघेल आणि फॅन आपोआप चालू राहील. जोड सोल्डर करून स्लीव्ह चढवा. पीळ मारून टेप गुंडाळणं खडबडीत रस्त्यावर टिकत नाही. बटणाचं दुसरं टोक डॅशबोर्डमागच्या बॉडी-बोल्टला.

या जोडणीत ईसीयूची वायर कुठेही कापलेली नाही. त्यामुळे बटण फॅन चालू करू शकतं, बंद करू शकत नाही. काही जण हौसेने बंद करायचंही बटण लावतात. फॅन बटणाने बंद करून ठेवलाय हे तुमच्या लक्षात नसलं की एक दिवस तुम्हाला हेड फेसिंगच्या (तापून वाकलेलं इंजिनचं डोकं सपाट करण्याच्या) बिलावर सही करावी लागणार. ही जोडणी जुन्या, साध्या रिलेवाल्या गाड्यांपुरतीच. ज्यांत फॅनचा वेग ईसीयू कमी-जास्त करतो, त्या नव्या गाड्यांत हे करू नका.

बटण कधी दाबायचं हे काट्यावरून कळत नाही. बऱ्याच गाड्यांचा काटा मुद्दाम मध्यावर चिकटवून ठेवलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. तुमच्या गाडीची भाषा डोंगलला कळत असेल तर फोनवर खरा आकडा बघा. ‘०१ ०५’ विचारलं की उत्तर ‘४१ ०५ ८बी’ असं येतं. शेवटचे दोन अंक सोळाच्या पायाने मोजायचे (हेक्साडेसिमल, त्यात बी म्हणजे ११): ८बी म्हणजे ८ गुणिले १६ अधिक ११, १३९, त्यातून ४० वजा, ९९ अंश. छोट्या पेट्रोल गाड्यांत फॅन साधारण ९५ ते १०० च्या दरम्यान लागतो. अर्थात सेन्सरच गंजला असेल तर हा आकडाही खोटाच, तेव्हा आधी सेन्सर बदला. आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको. आपल्याकडच्या पाण्याने पाण्याच्या हीटरवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. मग फॅन कितीही फिरवा.

मी घाटाच्या पायथ्यालाच बटण दाबतो, वर पोचल्यावर नाही. शेवटी एवढं तपासा: चावी काढून बटण दाबा. फॅन फिरला तर तुमच्या कॉइलला थेट बॅटरीचा सप्लाय आहे, आणि बटण विसरलात तर सकाळी गाडीला धक्का मारावा लागेल. अशा वेळी पेटलेलं दिसेल असं लाइटवालं बटण घ्या.