गोळी पाण्यात कशी फुटते, हे घरी कसे पाहावे

औषधाच्या गोळीने पाकिटात टणक राहावे आणि पोटात पोहोचताच तिचा भुगा व्हावा, अशी परस्परविरोधी अपेक्षा असते. ती पुरी व्हावी म्हणून गोळीत मुद्दाम मिसळलेल्या पदार्थाला विघटक किंवा डिसइंटिग्रंट म्हणतात. त्याचे काम साध्या डोळ्यांनीही पाहता येते.

त्यासाठी आवरण नसलेली पॅरासिटामॉलची साधी गोळी घ्यावी. काचेच्या पेल्यात शरीराइतके, म्हणजे सुमारे 37 अंश सेल्सिअसचे, कोमट पाणी घेऊन गोळी अलगद सोडावी, वेळ टिपावी आणि पाणी मुळीच ढवळू नये.

प्रथम गोळीच्या अंगावर बारीक बुडबुडे दिसतील. पाणी केशाकर्षणाने सूक्ष्म छिद्रांत शिरते आणि तिथली हवा बाहेर ढकलते, त्याची ही खूण. मग कडा फुगतात, तडे जातात आणि पापुद्रे गळू लागतात. इथे नीट लक्ष द्यावे, कारण सगळे विघटक एकाच रीतीने काम करत नाहीत. सोडियम स्टार्च ग्लायकोलेट पाणी पिऊन कित्येक पटींनी फुगते आणि भोवतालचे कण दूर लोटते. क्रॉसपोव्हिडोन फारसे फुगत नाही, पण पाणी झपाट्याने आत ओढते आणि यंत्राच्या दाबाखाली चेपलेले त्याचे कण ओले होताच मूळ आकार घेऊ पाहतात. असा विघटक गोळीच्या वजनाच्या साधारण 2 ते 5 टक्केच पुरतो. फुगणारा पदार्थ फार घातला, तर त्याचा चिकट थर होऊन पाण्याची वाटच अडते.

गोळी फुटली म्हणजे औषध विरघळले, असे मात्र समजू नये. 1 सेंटिमीटर बाजूच्या घनाचे 1 मिलिमीटर बाजूचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठभाग 6 वरून 60 चौरस सेंटिमीटर होतो. विघटक औषधाला हा वाढीव पृष्ठभाग मिळवून देतो. विरघळणे त्यानंतरचे आणि शरीरात शोषले जाणे त्याही पुढचे.

प्रयोगशाळेत सहा गोळ्या जाळीचा तळ असलेल्या सहा नळ्यांत ठेवून मिनिटाला सुमारे 30 वेळा द्रवात खालीवर हलवतात. आवरण नसलेल्या साध्या गोळ्यांना सहसा 15 मिनिटांची मुदत असते, तर पाण्यात विखरून घ्यायच्या गोळ्यांना 3 मिनिटांची. पेल्यातले पाणी स्थिर असल्याने घरी जास्त वेळ लागला, तरी गोळी सदोष ठरत नाही. शिवाय औषध सावकाश सोडणाऱ्या किंवा आतड्यात फुटणाऱ्या गोळ्यांची रचनाच वेगळी असते. डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारल्याशिवाय त्या कधीही कुटून घेऊ नयेत, कारण पूर्ण दिवसाची मात्रा एकदम अंगात जाऊ शकते.

पेल्यातले पाणी कोणीही पिणार नाही याची खबरदारी घ्यावी, लहान मुलांपासून ते दूर ठेवावे. उरलेल्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात, कारण पाणी ओढून घेणारा विघटक दमट हवेतला ओलावाही तितक्याच तत्परतेने ओढतो.