माळ्यावर रॅकून आलंय? भोक बुजवायची घाई नको

टोरोंटोत जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतलात, की कधीतरी रात्री छतात कुणीतरी चालल्याचा भास होईल. कोकणात लहानपण गेलेल्यांना माळ्यावरचं उदमांजर आठवेल. रॅकून हे इथलं रात्री हिंडणारं जनावर त्याहून अंगाने भारी, सात-आठ किलोचं सहज असतं, म्हणून पावलं धपधप वाजतात. दिवसा तुरुतुरु पळापळ ऐकू आली तर बहुधा खार असते.

सकाळी बाहेरून घराला एक फेरी मारा. छपराच्या कडेखालची फळी उचकटलेली, व्हेंटची जाळी वाकलेली, पन्हळीच्या पाइपवर लहान मुलाच्या पंजासारखे पाच बोटांचे चिखलाचे ठसे दिसले, की समजायचं.

मार्च ते मे या दिवसांत मात्र आधी कान देऊन ऐका. मांजरीच्या पिल्लांसारखं बारीक कुईकुई येत असेल, तर वर बाळंतीण आहे. आमच्या पहिल्या घरात हे मला माहीत नव्हतं. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ती बाहेर पडलेली पाहिली आणि मी भोकावर फळी ठोकली. रात्रभर ती छपरावर ओरबाडत होती, आतून पिल्लं रडत होती. उजाडल्यावर पाहिलं तर अंगणात छपराचे तुकडे पडले होते. फळी काढली. त्या रात्री तिने एकेक पिल्लू मानेला धरून खाली नेलं. चार होती. ते पाहिल्यापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो: आधी पिल्लांची खात्री करा.

तिच्याकडे दुसऱ्या जागाही असतात. भोकाजवळ दिवा आणि गप्पांचा कार्यक्रम लावलेला रेडिओ दिवसरात्र चालू ठेवला, की बऱ्याचदा ती काही दिवसांत बिऱ्हाड हलवते. प्राणी काढणारा माणूस बोलवायचा तर विचारा, पिल्लं हाताने काढून आईसाठी बाहेर पेटीत ठेवता का, आणि बाहेर जाता येईल पण आत येता येणार नाही असं दार लावता का? 'पिंजऱ्यात धरून लांब जंगलात सोडतो' म्हणणाऱ्याला नको म्हणा. ऑन्टारियो प्रांतात पकडलेल्या जागेपासून एक किलोमीटरपलीकडे सोडायला कायद्याने मनाई आहे. भाडेकरू असाल तर घरमालकाला लेखी कळवा, दुरुस्ती त्याने करायची असते.

विष्ठेची मात्र धास्ती बाळगा. रॅकून एकाच जागी पुन्हा पुन्हा घाण करतं. त्यातल्या जंतांची अंडी दोन ते चार आठवड्यांत संसर्गजन्य होतात, आणि रांगणाऱ्या मुलांना त्याचा मोठा धोका असतो. कोरडी झाडू नका. हातमोजे आणि मास्क घालून, थोडी ओली करून पिशवीत भरा, मग घाण डेकवर, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्यावर, असेल तर तिथे उकळतं पाणी ओता. ब्लीचने ती अंडी मरत नाहीत.

चावलं किंवा ओरखडलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रेबीजचा प्रश्न असतो.

ओल्या कचऱ्याच्या हिरव्या पेटीचं कुलूप रोज फिरवून पाहा. पितृपक्षात कावळ्यासाठी डेकवर पान ठेवणार असाल तर अंधार पडण्याआधी उचला. खीर-वड्यांची चव लागली की रॅकून रोज त्याच जागी येऊन बघतं.