मृत्युपत्र करताना: साक्षीदार, नॉमिनी आणि सातबारा

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात लिहिलेलंही चालतं. नोंदणी ऐच्छिक आहे, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी, कारण मूळ कागद हरवला तरी नोंद राहते.

खरी गडबड साक्षीदारांत होते. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 63 नुसार किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येकाने तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ती सही आपलीच असल्याचं तुम्ही त्याला सांगितलेलं असावं. मग त्यांनी तुमच्यासमोर सही करायची. पुढे वाद झाला, तर साक्षीदाराला कोर्टात उभं राहावं लागतं; म्हणून तुमच्याहून तरुण माणसं निवडा. ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका. तुमचं वय जास्त असेल, तर तुमची मानसिक स्थिती ठीक असल्याचा त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा.

‘सोसायटीत नॉमिनी लावलाय, झालं काम’ हा गैरसमज घरोघरी सापडतो. नॉमिनी सहसा फक्त ताबा घेतो, त्याने मालकी ठरत नाही.

मिळकतीचं वर्णन नेमकं लिहा: शेतीचा गट नंबर आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र, फ्लॅटचा क्रमांक, शेअर सर्टिफिकेटचा नंबर. वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःचा हिस्साच देता येतो. मुस्लिम व्यक्तीला साधारणपणे एक तृतीयांशापुरतीच मोकळीक असते. शेवटी ‘उरलेली सर्व मालमत्ता’ कोणाला, हे वाक्य विसरू नका. नंतर घेतलेली गाडी, नवी ठेव त्यातच बसते.

बदल करायचा असेल, तर खाडाखोड नको. नवं मृत्युपत्र करा आणि त्यात आधीचं रद्द केल्याचं लिहा.