जांभ्याची भिंत खालून वर वाचायची

पुण्याहून जांभा, म्हणजे खडक कुजून झालेला तांबडा दगड, बघायला निघालात तर पाचगणीचं टेबललँड जरूर बघा, पण हातोडी पिशवीतच ठेवा. तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे. नमुन्यांसाठी मी विद्यार्थ्यांना कोकणातल्या चिरेखाणीवर नेते, मालकाची परवानगी घेऊन. जिथे काप खोलवर उघडा पडलाय अशी खाण निवडा.

भिंतीसमोर उभं राहिलं की नजर वरच्या तांबड्या टोपीकडेच जाते. आधी तळ बघा. तिथे काळा बेसाल्ट, त्यावर कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा कुजका खडक. मग फिकट चिकणमाती: कोरडा खडा जिभेला चिकटला तर त्यात बहुधा केओलिनाइट, म्हणजे चिकणमातीचं पांढरं खनिज, असणार. त्यावर लाल-पांढरा ठिपक्यांचा थर आणि सगळ्यात वर कठीण कवच.

वरचे सगळे थर तळाचा बेसाल्ट कुजूनच झालेत. बेसाल्टमध्ये निम्म्याच्या आसपास सिलिका असते. पावसाचं पाणी सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम भराभर धुऊन नेतं, सिलिका सावकाश. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम जवळपास जागेवरच राहतात. लोह मात्र हलतं. पावसाळ्यात भूजल वर चढलं, हवा तुटली की ते थोडं विरघळतं. पाणी उतरून हवा लागली की पुन्हा साकळतं. ते ठिपके याच चढउताराचे.

बाथरूमच्या टाइलची खरखरीत पाठ सोबत ठेवा. तिच्यावर खडा घासून लाल रेघ उठली तर हेमॅटाइट, पिवळट-तपकिरी उठली तर गोएथाइट; दोन्ही लोहाची खनिजं. खडा फिकट, हाताला हलका आणि त्यात मटकीएवढे गोल दाणे असतील तर बॉक्साइटचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या धातुकाचा, संशय घ्या; खात्री प्रयोगशाळेतच होते.

निकेल इथे शोधू नका. ते मॅग्नेशियमने समृद्ध खडकांवरच्या जांभ्यात साठतं. ओडिशातल्या सुकिंद्यात ते मुख्यतः गोएथाइटमध्ये आहे. पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर मात्र वरून झिरपलेलं बरंच निकेल खालच्या कुजक्या खडकात, हिरव्या सिलिकेटमध्ये अडकलंय. तिथे नुसती टोपी तपासली तर हे धातुक हातून निसटतं.

नमुनेही खालूनच घ्या. पहिल्या वर्षी मी वरून खाली खोदत आले, तांबडी धूळ खालच्या चिकणमातीवर पडली आणि अहवालात चिकणमातीतलं लोह भलतंच जास्त आलं. सगळे नमुने बाद. तेव्हापासून भिंतीवर वीतभर रुंद पट्टा आधी खरवडते, प्रत्येक थराची वेगळी पिशवी करते, खोली सेंटिमीटरमध्ये लिहिते. कोथरूडला परतल्यावर नमुने गच्चीत सावलीला वाळवते, थराथरांत हातभर अंतर सोडून.