भातानंतरची मिरची पिवळी पडते तेव्हा

भाताची कापणी-झोडणी उरकली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाचरांत मिरची, वांगी, कलिंगडाची लगबग सुरू होते. जमिनीतली ओल उडण्याआधी लागवड आटपायची असते. त्या घाईत धसकटं आणि उरलासुरला पेंढा तसाच नांगरून टाकला जातो. मग पंधरा-वीस दिवसांनी रोपांची खालची पानं पिवळी पडतात, वाढ जागच्या जागी थांबते आणि युरियाचं पोतं फोडलं जातं.

बऱ्याचदा हा मातीतल्या जिवाणूंचा उद्योग असतो. पेंढ्यात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र (नायट्रोजन) जेमतेम. प्रमाण साधारण ६० ते ८० ला १. जिवाणूंच्या स्वतःच्या शरीरात ते ५ ते ८ ला १ एवढंच. पेंढा मिळाला की जिवाणू भराभर वाढतात आणि कमी पडणारं नत्र मातीतून उचलतात. रोपाची कोवळी मुळं या ओढाताणीत मागे पडतात. हे नत्र कुठे जात नाही. पेंढा कुजून संपला, जिवाणू मरू लागले की ते पुन्हा सुटतं. पण तोवर मिरचीचे वाढीचे दिवस हातचे गेलेले असतात. काथ्याच्या भुशात कर्बाचं प्रमाण याहून जास्त, तेव्हा तो कच्चा असताना मातीत मिसळूच नका.

म्हणून पेंढा गाडण्यापेक्षा लागवडीनंतर आच्छादन म्हणून वर पसरा. वरचा पेंढा सावकाश कुजतो, नत्राची ओढ फारशी लागत नाही, ओलही टिकते. गाडलाच असेल तर माती ओलसर ठेवून तीन-चार आठवडे थांबा. गुंठ्याला ४० किलो पेंढा गेला असेल तर ३०० ते ४०० ग्रॅम युरिया पुरे, सोबत चांगलं कुजलेलं शेणखत. थांबायला वेळ नसेल तर त्या तुकड्यात सरळ वाल किंवा कुळीथ पेरा. ही पिकं आपलं नत्र बरंचसं मुळांवरच्या गाठींतून मिळवतात. फुलोऱ्याआधी एखादं झाड उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे.

वांगी, टोमॅटो, मिरचीचं झाड हिरवंगार असतानाच दुपारी माना टाकत असेल, तर मामला निराळा. हा जिवाणूजन्य मर रोग. आपल्या आम्लधर्मी, उबदार, ओल्या मातीत तो चांगलाच फोफावतो. मुळाच्या जखमेतून शिरलेला जिवाणू पाणी वाहणाऱ्या नळ्या चिकट स्रावाने बंद करतो. खात्री घरच्या घरी होते: जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात कापलेलं टोक बुडेल असा उभा धरा. पाच-दहा मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरले तर मर रोगच समजा. लागण झालेलं झाड बरं करणारी फवारणी नाही, दुकानदार काहीही सांगो.

असं झाड मुळांसकट काढून जाळा, त्या आळ्यातलं पाणी शेजारच्या आळ्यात जाऊ देऊ नका, खुरपं धुतल्याशिवाय पुढच्या वाफ्यात घालू नका. निंदणी करताना मुळं दुखावणार नाहीत हे पाहा. त्या जागी पुढच्या पावसाळ्यात भातच लावा. पाणी साचवून घेतलेल्या भातामुळे हा जिवाणू कमी होतो. परसातल्या वाफ्यात भात शक्य नसेल तर वांग्याची रानवांग्यावर कलम केलेली रोपं आणा. आल्याला नि टोमॅटोलाही हाच रोग लागतो, तेव्हा वांगी गेली म्हणून तिथे आलं किंवा टोमॅटो लावू नका.