अळंब्यांच्या रानात जाण्यापूर्वी

गेल्या आषाढात आम्ही चौघे अळंब्यांसाठी सड्याखालच्या रानात गेलो, तेव्हा पायांत गमबूट होते, हातांत काठ्या होत्या, विजेऱ्याही होत्या. राहून गेली होती ती एकच गोष्ट, आणि तिच्यापायी माझ्या चुलतभावाचे अडीच तास वाया गेले. त्याच्या उजव्या हाताला फुरसे चावल्यावर आम्ही त्याला सर्वांत जवळच्या आरोग्य केंद्रात नेले. तिथे सर्पदंशावरची लस संपलेली होती. पुढच्या ठिकाणी लस होती, पण ती देणारे डॉक्टर त्या रात्री नव्हते. तिसऱ्या ठिकाणी उपचार सुरू झाले, तोवर त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते. तो वाचला, मधले बोट मात्र अजून नीट वळत नाही. यंदा निघणाऱ्या प्रत्येकाने म्हणून सर्वांत आधी हे करावे: निघण्याच्या दिवशी सकाळी रुग्णालयात फोन करावा.

फोनवर ‘लस आहे का’ एवढेच विचारून थांबू नये. विषबाधेची लक्षणे असलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच साधारण ८ ते १० कुप्या द्याव्या लागतात, आणि गरज पडल्यास नंतर आणखी. त्यामुळे दोन कुप्या शिल्लक असलेल्या ठिकाणीही ‘आहे’ असेच उत्तर मिळू शकते. किती कुप्या आहेत, आज संध्याकाळी आणि रात्री डॉक्टर कोण आहेत, श्वास बंद पडू लागल्यास पुढे कुठे पाठवतात, हे तीनही प्रश्न विचारावेत. लहान मूल बरोबर असेल तर त्याला कमी लस लागेल असे समजू नये, कारण साप मुलाला आणि मोठ्या माणसाला विष सारखेच सोडतो. गेल्या आठवड्यात साठा होता, या माहितीला काहीही अर्थ नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आहेत. ज्या दिवसांत आपण रानात जातो, त्याच दिवसांत साठाही संपतो. म्हणून फोन त्याच सकाळी करायचा. ‘मग करू’ म्हणून ठेवलेला फोन होत नाही, कारण दरीत उतरल्यावर रेंज जाते.

ही लस पिशवीत घालून बरोबर नेता येत नाही का, असे मला दोघांनी विचारले. येत नाही. ती घोड्याच्या रक्तापासून तयार होते, शिरेतून द्यावी लागते आणि काहींना तिची इतकी तीव्र ॲलर्जी होते की डॉक्टर व औषधे शेजारी नसतील तर लसच जिवावर बेतू शकते.

रुग्णालय ठरले की रस्ता ठरवावा. पावसात साकव पाण्याखाली जातो, तेव्हा नकाशावर जवळचे दिसणारे गाव प्रत्यक्षात पलीकडच्या काठावर राहते. गाडीत इंधन असावे, तोंड परतीच्या दिशेला असावे आणि किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात कोठूनही बोलावता येते, पण ती रानवाटेपर्यंत येणार नाही. कोणत्या तिठ्यावर भेटायचे ते आधीच ठरवावे. रुग्णालयाचा क्रमांक कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून प्रत्येकाच्या खिशात ठेवावा. आमच्याकडे क्रमांक एकाच मोबाईलमध्ये होते, आणि तो मोबाईल भिजून बंद पडला.

आता कपडे आणि हत्यारे. गमबूट आणि जाड कापडाची सैल पूर्ण विजार एवढे पुरे. पावसाळी सँडल घालून येणाऱ्याला बरोबर घेऊ नये. काठी हवीच, पण ती टेकण्यासाठी नव्हे, पुढची जमीन आपटण्यासाठी आणि पाचोळा बाजूला करण्यासाठी.

आम्ही पायांची काळजी घेतली आणि हातांची घेतली नाही, ही दुसरी चूक. अळंबी काढणाऱ्याचा हात नेमका तिथे जातो जिथे साप बसतो. आपली चांगली अळंबी वाळवीच्या घरट्यांतून वर येतात, आणि जुन्या वारुळांच्या भोकांत नागासारखे साप आसरा घेतात. फुरसे जांभ्याच्या दगडाखाली, कातळाच्या फटीत किंवा पाचोळ्यात बसते. जेमतेम फूट-दीड फूट लांबीचे, मातकट रंगाचे असते आणि ओल्या पाचोळ्यात दिसतच नाही. वेटोळी एकमेकांवर घासून ते करवतीसारखा आवाज करते खरे, पण पावसाच्या सरीत तो ऐकू येईल या भरवशावर राहू नये. म्हणून आधी काठीने पाचोळा सारावा, क्षणभर थांबून पाहावे, आणि मगच हात घालावा. दगड उलटायचाच असेल तर काठीने, आपल्या विरुद्ध दिशेला उलटावा. ओंडका ओलांडताना आधी त्यावर उभे राहून पलीकडे पाहावे. वारूळ खोदू नये. त्यात साप असेल म्हणून, आणि पुढच्या वर्षीची अळंबी त्याच घरट्यातून येतात म्हणूनही. घाटाच्या बाजूला असाल तर डोक्याच्या उंचीवरच्या फांद्या आणि वेलीही पाहाव्यात, कारण चापडा हा विषारी साप तिथे दिवसभर हलत नाही. भारतात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर बनवलेली आहे, चापड्याच्या विषावर नाही. तरीही चापडा चावल्यास रुग्णालय टाळू नये.

अंधारापूर्वी परतावे. उशीर होणारच हे गृहीत धरून प्रत्येकाकडे स्वतंत्र विजेरी असावी. मोबाईलचा दिवा मी विजेरीत धरत नाही. एकट्याने जाऊ नये. साप दिसला तर वाट सोडावी, त्याला मारायला किंवा पकडायला जाऊ नये. असे करू पाहणाऱ्याला पुन्हा कधीही बरोबर नेऊ नये.

एवढे करूनही दंश झाला, तर काय करायचे नाही हे आधी पाठ असावे. घट्ट दोरी बांधायची नाही, कापायचे नाही, चोखायचे नाही, बर्फ किंवा पाला लावायचा नाही, आणि मंत्राने विष उतरवणाऱ्याकडे न्यायचे नाही. अंगठी, घड्याळ, कडे लगेच काढावे, कारण सूज आल्यावर ते निघत नाही. हात किंवा पाय काठीला सैल बांधून हलू न देता ठेवावा, माणसाला चालवू नये, आणि दंशाची वेळ लिहून ठेवावी. साप शोधत बसू नये. फुरसे आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि ते गोठले की नाही यावरून लस ठरवतात, त्यामुळे साप दाखवण्याची आवश्यकता नसते. पापण्या जड होणे, गिळता न येणे, पोटात कळ येणे ही नाग-मण्यारीच्या विषाची खूण समजून अधिकच घाई करावी. घाई कोणत्या दिशेला करायची, हे मात्र सकाळच्या फोनवरच कळलेले असले पाहिजे. आमची घाई तीन दरवाजे ठोठावण्यात गेली. सकाळी फोन केलेला नसेल, तर मला वाटते रानाकडे निघायला गाडी सुरूच करू नये.

रानातल्या मांगरात मुक्काम असेल तर जमिनीवर झोपू नये. खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. मण्यारीचा दंश झोपेत पुष्कळदा जाणवतही नाही. बूट सकाळी झटकूनच घालावेत.

घरी आल्यावर पिशवी आत नेऊ नये, अंगणात चादरीवर रिकामी करावी. सर्व जण पोहोचल्याचे एकमेकांना कळवावे. पुढच्या वेळी निघण्याआधी पुन्हा फोन.