परदेशात क्रीम-पावडर घ्यायची तर तिथल्या बायका घेतात तिथून घ्या

मी महिलांच्या सहलींबरोबर टूर मॅनेजर म्हणून जाते. दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवलीच्या काकू आणि मावश्या सोबत असतात. जेवण काय आहे, याच्या खालोखाल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते, "अगं, इथून चेहऱ्याला लावायला काय घेऊ?" कोचमधून उतरता उतरता याचं उत्तर देणं जमत नाही, म्हणून इथे नीट लिहिते.

निघण्याआधी मुंबईतच अर्धा तास काढा. कॉसआरएक्स, लनेज, ब्यूटी ऑफ जोसॉन हे कोरियन ब्रँड आता नायका, टिरा या ॲपवरून घरपोच येतात. तुम्हाला हव्या असलेल्या वस्तूची इथली किंमत मिलिलिटरसकट फोनमध्ये लिहून ठेवा. तिकडे बाटली हातात घेतलीत की 100 मिलिलिटरचा भाव काढा आणि दोन्ही ताडून बघा. फरक शंभर-दीडशे रुपयांचाच असेल तर ती बाटली तिथेच राहू द्या. बॅगेतली जागा इथे न मिळणाऱ्या वस्तूंसाठी ठेवा.

दुसरा निकष आपल्या हवेचा. स्वित्झर्लंडच्या थंडीत ज्या दाट क्रीमने गाल मऊ होतात, तीच क्रीम जूनमध्ये अंधेरी स्टेशनच्या जिन्यावर चेहऱ्यावरून ओघळते. मुंबईकर बाईला वर्षातले बहुतेक महिने जेल, पातळ लोशन, पावडर आणि घामात टिकणारं सनस्क्रीन एवढंच लागतं. म्हणून स्वस्त आणि उपयोगी खरेदीसाठी मी थायलंड आणि व्हिएतनामला युरोपच्या वर ठेवते. तिथली हवा आपल्यासारखीच दमट, त्यामुळे तिथल्या बायकांसाठी बनवलेली वस्तू आपल्याला चालायची शक्यता जास्त.

थायलंडमध्ये सुरुवात सेव्हन-इलेव्हनपासून करा. हे दुकान जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यावर असतं. आत एका रॅकवर सनस्क्रीन, सीरम, मॉइश्चरायझरची झाकणवाली छोटी पाकिटं टांगलेली दिसतील, बरीचशी चाळीस-पन्नास बाहतच्या आसपास. एका बाहतला अडीच-तीन रुपये धरा. माझ्या ग्रुपला मी पहिल्याच संध्याकाळी ही पाकिटं घ्यायला लावते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावायचं, रात्रभर थांबायचं, मग पुढचे तीन-चार दिवस उन्हात फिरताना चेहऱ्यावर वापरायचं. खाज आली नाही, पुरळ उठलं नाही, घामाबरोबर पांढरे ओघळ आले नाहीत, तर शेवटच्या दिवशी बिग सी, वॉटसन्स किंवा बूट्स या दुकानांतून मोठी ट्यूब. इतक्या कमी पैशात, तेही आपल्यासारख्याच हवेत पारख करून घ्यायची सोय मला दुसरीकडे कुठेच सापडलेली नाही.

तिथल्या स्वतःच्या ब्रँडकडे मुद्दाम बघा. मिस्टिनची सनस्क्रीन. श्रीचंदची पावडर, जी 1948 पासून विकली जाते. आणि माझी लाडकी म्हणजे स्नेक ब्रँडची घामोळ्यांची पावडर, 1947 पासूनची, डब्यावर बाण लागलेला साप. अंघोळीनंतर पाठीवर टाकली की गारवा जाणवतो आणि मे महिन्यात लोकलमध्ये उभं राहणं थोडं सुसह्य होतं. माझ्याबरोबर आलेल्या गिरगावच्या एका काकू आता दर वेळी कुणी बँकॉकला निघालं की त्याच्याकडून हीच मागवतात. कोच जिथे मुद्दाम नेऊन उभी करतात त्या शोरूमपेक्षा ही दुकानं बरी, कारण इथला दर तिथल्या नोकरदार बाईला परवडेल असा लावलेला असतो.

थाई पाकिटावर 2570 असं साल दिसलं तर गोंधळू नका. तिथे बौद्ध सन लिहितात. त्यातून 543 वजा करा, म्हणजे 2027. जपानी बाटलीवर कित्येकदा तारीखच नसते, कारण तीन वर्षांहून जास्त टिकणाऱ्या वस्तूवर ती छापण्याची तिथे सक्ती नाही. अशा वेळी खप जास्त असलेल्या दुकानातून घ्या, तिथे माल पडून राहत नाही. कोरियन डब्यावर कधी बनवल्याची तारीख असते, कधी संपण्याची. फोनचा कॅमेरा लेबलवर धरून भाषांतर करून घ्या.

व्हिएतनाममध्ये कोकून नावाचा तिथलाच ब्रँड गार्डियन आणि हसाकीच्या दुकानांत मिळतो. डाक लाक भागातल्या कॉफीचा त्यांचा स्क्रब प्रसिद्ध आहे. तेलकट, पुटकुळ्या येणाऱ्या चेहऱ्यासाठी त्यांची एक मालिका चक्क कोहळ्याची आहे. आपण ज्याच्या वड्या करतो तोच कोहळा. कॉलेजातल्या भाचीसाठी काही न्यायचं असेल तर मी हेच सुचवते.

युरोपात स्वस्त हवं असेल तर जर्मनी. डीएम नावाच्या दुकानात त्यांचा घरचा ब्रँड बालेआ असतो. हँड क्रीम, लिप बाम, फेस वॉश असं बरंचसं दोन-तीन युरोच्या आत-बाहेर. आपल्याकडच्या भेगाळलेल्या टाचांसाठी युरियावाली फूट क्रीम जरूर घ्या. सासूबाईंना, शेजारच्या वहिनींना, घरी कामाला येणाऱ्या ताईंना द्यायला याहून चांगली भेट नाही. मात्र रविवारी तिथली दुकानं बंद असतात, तेव्हा खरेदी शनिवारीच उरका. सहल पुढे स्वित्झर्लंडला जाणार असेल तर खरेदी तिथल्या चढ्या दरांसाठी राखून ठेवू नका. पॅरिसमध्ये हिरव्या क्रॉसची पाटी असलेली मेडिकलची दुकानं गाठा. बायोडर्मा, आवेन, ला रोश-पोझे तिथे औषधाच्या शेजारीच मांडलेले असतात आणि काउंटरवरची फार्मासिस्ट त्वचा बघून सल्ला देते.

कोरियात ऑलिव्ह यंग हे सौंदर्यप्रसाधनांचं दुकान सगळ्यांना माहीत असतं, पण तिथल्या दाइसो या स्वस्त वस्तूंच्या दुकानातही डोकवा. तिथे कुठलीच वस्तू 5000 वॉनच्या वर नसते आणि त्यात चेहऱ्याच्या क्रीमही येतात. फाउंडेशन आणि कुशन (डबीतल्या स्पंजात भिजवलेलं फाउंडेशन) मात्र विचार करूनच घ्या. तिकडचे नेहमीचे 21 आणि 23 नंबरचे शेड आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर राखेसारखे दिसतात. लिपस्टिक, मस्कारा, शीट मास्क खुशाल घ्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी ग्रुपमध्ये आवाज चढवते ती. रात्रबाजारात बिनलेबलच्या डबीत मिळणारी, आठवड्यात गोरं करणारी क्रीम घेऊ नका. कुणासाठीही घेऊ नका. अशा क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. केरळात मलप्पुरमच्या डॉक्टरांनी 2023 मध्ये अशा क्रीम वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा आजार आढळल्याचं पुढे आणलं होतं. पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाटा या आंतरराष्ट्रीय करारानुसार पारा घातलेली सौंदर्यप्रसाधनं बनवायला आणि आयात-निर्यात करायला बंदी आहे, तरी ती विकली जातात. लेबलवर मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरिक किंवा मर्क्युरिओ असा शब्द दिसला तर डबी खाली ठेवा. लेबलच नसेल तर ती उचलूही नका. मुलीचं लग्न ठरलंय म्हणून अशी क्रीम शोधणाऱ्या आया मला भेटतात, आणि त्यांना मी हात धरून दुकानाबाहेर आणते. सावळा रंग हा आजार नाही, मूत्रपिंड बिघडणं हा आजार आहे.

पैसे देताना कार्डाच्या मशीनवर रुपये की बाहत असं विचारलं तर तिथलंच चलन निवडा. रुपये निवडले की मशीनवाला त्याचा दर लावतो आणि तो महाग पडतो. थायलंडमध्ये कर परत मिळवायला एका दुकानात एका दिवशी निदान 2000 बाहतची खरेदी लागते, म्हणून तिघी-चौघींनी थोडं थोडं घेतलं असेल तर त्या मागे धावण्यात अर्थ नाही.

शेवटी बॅग. हातातल्या सामानात 100 मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली बहुतेक विमानतळांवर चालत नाही, आणि मोजतात ते बाटलीवर छापलेलं माप. अर्धी संपलेली 200 मिलिलिटरची ट्यूबही काढून ठेवतात. शीट मास्कसुद्धा ओले असतात, त्यांनाही चेक-इन बॅगेत घाला. बाटलीचं झाकण उघडून तोंडावर पातळ प्लॅस्टिक लावा, झाकण घट्ट करा, मग झिपच्या पिशवीत घालून कपड्यांच्या मधोमध ठेवा. पावडरचा डबा असेल तर छिद्रांवर चिकटपट्टी. घरी पोचल्यावर सगळं एकदम फोडू नका. डब्यावर उघड्या बरणीचं छोटं चित्र आणि 6 किंवा 12 असा आकडा असतो, उघडल्यापासून तितके महिने ती वस्तू वापरायची. उघडल्याची तारीख पेनाने तळाशी लिहा आणि ती न्हाणीघरात न ठेवता कपाटात ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.